दोन किल्ल्यांचे कपाट

दुसऱ्याचे गुपित तुम्ही कधी पोटात ठेवले आहे काय? मी ठेवतो. मी एक लोखंडी कपाट आहे, आणि माझ्यावर आलेला आळ मला मान्य नाही, म्हणून बोलतो आहे.

माझ्या दाराला दोन कुलपे आहेत. ती बसवताना कारागिराने विचारले होते, "एवढं काय सोनं ठेवणार आहात?"

"माणसांची बोलणी," सरकारी माणूस म्हणाला.

मला एका सरकारी समितीच्या खोलीत उभे केले. बाळंतपणात स्त्री दगावली, तर ती का दगावली हे ही समिती शोधते. शिक्षा करणे तिचे काम नव्हे. पुढची स्त्री वाचावी, एवढाच हेतू. म्हणून परिचारिका आणि आया येथे येऊन खरे सांगत, आणि सांगणारीचे नाव माझ्या पोटात जाई. एक किल्ली सचिवाकडे, दुसरी दप्तर सांभाळणाऱ्या बाईंकडे. दोघांनी मिळून मला उघडावे आणि दोघांनी वहीतल्या आपापल्या रकान्यात सही करावी, असा नियम.

बाई देवभीरू होत्या. किल्ली फिरवण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटत. सचिव चेष्टा करी, "बाई, दाराला घंटा बांधू का?"

"बांधा की. उघडलं तर चारचौघांना कळेल तरी."

बाई निवृत्त झाल्या. त्यांची जागा भरली गेली नाही. त्यांचे काम सचिवाकडे आले आणि कामाबरोबर किल्लीही. वरिष्ठांना त्यात काही वावगे दिसले नाही. तेव्हापासून तो एकटाच दोन्ही किल्ल्या फिरवी आणि दोन्ही रकान्यांत स्वतःच सही करी.

पुढे एका रुग्णालयात एक बाळंतीण गेली. वारंवार निरोप धाडूनही मुख्य डॉक्टर आला नव्हता. तिथल्या परिचारिकेने हे समितीला सांगितले. तो डॉक्टर सचिवाचा मेहुणा. तो माझ्यासमोरच येऊन बसला.

"भाऊजी, नाव तेवढं सांगा. कागद नको मला."

"अरे, दोघांच्या सह्या लागतात."

"मग करा दोनदा. हात दुखतो का तुमचा?"

दोघे हसले. किल्ल्या फिरल्या. देवाने मला हात दिले असते तर मी ते दार आतून धरून ठेवले असते.

परिचारिकेवरच हलगर्जीपणाचा ठपका आला आणि तिची नोकरी गेली. ती सचिवापुढे येऊन उभी राहिली. "साहेब, मी इथे बोलले ते फक्त इथेच बोलले होते."

"काय करणार बाई, भिंतींनाही कान असतात. आणि हे कपाट तर किती जुनं."

हाच तो आळ. मी जुना आहे, फुटका नाही. माझे एकही कुलूप तुटलेले नाही. मला चोराने उघडले नाही, राखणदाराने उघडले. माझ्या जागी नवे कपाट आणाल, तर किल्ल्या कुणाच्या हाती देणार, हे आधी सांगा.

त्यानंतर समितीपुढे लोक येत, बसत, आणि "आठवत नाही" म्हणून उठत. माझ्या पोटात नवे काही येईनासे झाले.

मग सचिवाची लेक बाळंतपणासाठी त्याच रुग्णालयात गेली. मामाच मुख्य डॉक्टर, म्हणून घरचे निर्धास्त होते. ती परत आली नाही. ही त्याची शिक्षा होती असे मी म्हणणार नाही. बापाच्या पापासाठी देव लेकीचा जीव घेत नाही. शिक्षा पुढे होती.

चौकशी याच खोलीत झाली. तो बाप म्हणून दाराबाहेर बाकावर बसला होता. लेकीजवळ असलेली परिचारिका आत गेली आणि लगेच बाहेर आली. तो तिच्या वाटेत उभा राहिला.

"ताई, तिथे तुम्हीच होता ना? काय झालं तिला? मी कुणाला सांगणार नाही."

तिने त्याच्याकडे पाहिले. "साहेब, भिंतींनाही कान असतात," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दोन्ही किल्ल्या आजही त्याच्याच खिशात आहेत. चौकशी संपल्यावर त्याने मला उघडले, लेकीच्या मृत्यूचे दप्तर काढले, उभ्यानेच वाचले. त्यात तिचे नाव होते, वय होते. ती का गेली, ते कुणीच सांगितले नव्हते. त्याने दप्तर परत ठेवले, दोन्ही कुलपे लावली, आणि वहीतला दुसरा रकाना पहिल्यांदाच कोरा सोडला.