भाव आधी, कूळ मागून

तिओलिनाने साइडकार जोडलेली फटफटी ढकलत नेली आणि अंगणातल्या काळ्या डागावर बरोबर उभी केली. इतक्या वर्षांच्या तेलाने तिथली माती डांबरासारखी झाली होती; नवा थेंब पडला तरी कुणाच्या बापाला कळला नसता. मग तिने फडक्याने इंजिनाची खालची बाजू पुसली. तिथे बोटभर तडा होता. नवऱ्याने पारापातच्या घाटात दगडावर आपटून घेतलेला, आणि त्यानेच लांबी भरून वर चंदेरी रंग फासलेला. इंजिन थंड असेपर्यंत काही दिसत नसे. अर्धा तास चाललं की थेंब धरायचा.

अर्ध्या तासाच्या आत सौदा उरकायचा, असं तिने ठरवलं होतं.

नवरा जाऊन आठ महिने झाले होते. सिआंतारच्या बाजारात प्रवासी नेणाऱ्या साइडकारवाल्यांचा थांबा आहे, तिथली तिसरी जागा त्याची. सोमवारपर्यंत तिथे गाडी उभी राहिली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. चालवायला तिओलिनाला उत्तम येई, पण ही जुनी बीएसए किक मारून सुरू करणं तिच्या अधू गुडघ्याला झेपत नव्हतं. बटणावर सुरू होणारी एक होंडा तिने गॅरेजवाल्या सहातकडे बोलून ठेवली होती. अठरा दशलक्ष रुपिया, साइडकारसकट.

थांब्यावरच्या मंडळींनी नाकं मुरडली.

"फोनवर जाहिरात टाकलीस? आपली गाडी परक्याला?"

"मग तू घेतोस?" तिने विचारलं, तेव्हा सगळ्यांना एकदम गिऱ्हाइकं आठवली.

जाहिरातीत तिने नाव घातलं होतं 'माक होत्मा', होत्माची आई. कूळ घातलं नव्हतं. बाटाक लोकांत दोन माणसं भेटली की आधी कूळ विचारतात, आणि दहा वाक्यांत काहीतरी नातं निघतंच. नात्यातल्या माणसाला तडा गेलेली गाडी विकता येत नाही. परक्याला येते.

परका नऊ वाजता आला. बोनार नावाचा तिशीचा मुलगा, जुन्या गाड्यांच्या नादाने दूरच्या बेकासी शहराहून रात्रभर प्रवास करून. चेहरा पुरता बाटाक, बोलणं शहरी. त्याने टाकीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या किकला इंजिन धडधडायला लागलं. तिओलिनाने भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

"इनांग," त्याने आईला म्हणतात तशी हाक मारली, "तुमचं कूळ कुठलं?"

"भाव आधी, कूळ मागून."

"का? नातं निघालं तर मी फुकट मागेन?"

"मागतातच सगळे. अठ्ठावीस."

तो हसला, वाकून चाकं बघू लागला, आरे मोजू लागला. त्याच्या हिशेबात घाई नावाची गोष्ट नव्हती. सव्वीसवर गाडी येईपर्यंत वीस मिनिटं गेली, आणि तेवढ्यात त्याच्या आईचा व्हिडिओ फोन आला.

"दाखव कोण आहे ती," फोनमधली बाई म्हणाली. "काय गं, पोराला काही खायला घातलंस का? तो उपाशी हिंडतो आणि मग चक्कर येऊन पडतो. बोनार, कूळ विचारलंस?"

"सांगत नाहीत त्या."

"सांगत नाहीत म्हणजे? आभाळातून पडली की काय? हे बघ बाई, मी मार्पाउंग कुळाची लेक, पोर्सेया गावची. दोघेही भाऊ गेले माझे. याला मामाचं घर कसं असतं तेच माहीत नाही, म्हणून असा बावळट राहिलाय. नीट भाव लाव त्याला."

फोन बंद झाला. तिओलिना फडक्याने टाकी पुसायला लागली. तिचा नवरा मार्पाउंग होता. आणि मार्पाउंग म्हटला की तो मार्पाउंगांच्या कुठल्याही लेकीच्या पोराचा मामाच, मग जन्मात एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसो.

हे या अंगणात तिला एकटीलाच माहीत होतं.

"सव्वीस ठरले ना?" बोनारने फोनवर आकडा टाकला. "पाठवू?"

घड्याळात सत्तावीस मिनिटं झाली होती. 'पाठव' म्हणायला तिने तोंडही उघडलं. तिला त्या पोराचा आणि त्याच्या आईचा भयंकर राग आला.

"थांब. इंजिन चालू राहू दे."

"कशाला?"

"खाली हात धर. इथे."

तो उकिडवा बसला. बऱ्याच वेळाने चंदेरी रंगाच्या कडेने काहीतरी चमकलं, फुगलं आणि त्याच्या तळहातावर पडलं.

"तडा आहे," ती म्हणाली. "आणि माझा नवरा मार्पाउंग."

बोनार तेलाचा हात तसाच धरून उभा राहिला. इतका वेळ रेलून बोलणारा मुलगा शाळेत उभा केल्यासारखा सरळ झाला.

"मामी," तो म्हणाला. शब्द त्याला नवा होता. जरा थांबून म्हणाला, "मग सव्वीसच. मामीशी भाव केला तर आई घरात घेणार नाही."

"मग मी करते. अठरा."

"सव्वीस."

"अठरा! मला लागतात तेवढेच. वरचे आठ खाल्ले तर तुझा मामा वर जाब विचारेल, तिथे तू येणारेस का उत्तर द्यायला?"

त्याने मुकाट्याने अठरा पाठवले. तिने त्याला भात आणि मासे वाढले, तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली, मग दाराला कडी घातली आणि साइडकारमध्ये जाऊन बसली.

"सहातच्या गॅरेजला ने. पण थांब्यावरून घे."

थांब्यावर सगळे उठून उभे राहिले. तिसऱ्या जागेवर कुणीतरी स्टूल ठेवलं होतं; तिच्यापुढे तिने बोनारला गाडी उभी करायला लावली. खाली कोरड्या रस्त्यावर एक काळा थेंब पडला, मग दुसरा.

"काय माक होत्मा, दिलीस ना शेवटी परक्याला?"

"परका कोण? भाचा आहे माझा," ती म्हणाली. "आणि ते स्टूल उचला तिथून. दुपारी मी येतेय."