कोराडीच्या कॉलनीतली ड्यूटी

मी ड्यूटी बोलतेय. हो, तीच! माझं नाव सांगून माणसं बारशी चुकवतात, पाहुणे टाळतात आणि दळण आणायलाही नकार देतात. आज जरा माझंही ऐका.

माझं मूळ लॅटिनमधलं. तिथे माझा अर्थ होता दुसऱ्याचं देणं लागणं. फ्रेंचांच्या घरून मी इंग्रजांकडे गेले. त्यांनी मला बंदरात मालावरचा कर म्हणून बसवलं, पलटणीत पहाऱ्यावर उभं केलं. पुढे आगगाडीबरोबर नागपुरात उतरले आणि इथलीच झाले. कर्तव्यबाई भाषणात मिरवतात. चहा पिता पिता माणसं नाव काढतात ते माझंच.

कोराडीला वीज केंद्र झालं तशी मी तिथल्या कॉलनीत राहायला आले. काय माझा रुबाब! बॉयलरवरचा चंद्रभान रात्रपाळी करून झोपला की त्याची आई बायजाबाई अख्खी गल्ली गप्प करायची. पाळीचा नियम चंद्रभानला प्राणाहून प्यारा. पुढचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येऊन चार्ज घेईपर्यंत तो जागचा हलायचा नाही.

त्याची बायको चारुलता नर्सिंग शिकलेली. लग्नाला चार वर्षं झाल्यावर तिला शहरातल्या दवाखान्यात नेमणूक मिळाली. ठरलेल्या दिवशी दुपारपर्यंत हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. त्या दिवशी ती निघाली, तर बायजाबाई दारातच बसली.

"काहून चालली वं? पोरीले कोन पाहीन? बाईची ड्यूटी घरात रायते."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. हे मी कधी म्हटलं होतं? बाहेर निघालेल्या बाईच्या पायात मलाच अडकवायचं आणि घरात बसलेल्या पुरुषानं माझ्याच नावावर आराम करायचा!

चंद्रभानला त्या दिवशी सुट्टी होती. तो मान खाली घालून चहा पीत होता. चारुलतानं मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली.

"अजी, रिलिव्हर नाही आला तर तुमी जागा सोडता का?"

"नाही सोडत."

"मी बी नाही सोडली. चार वर्सं झाली, मले मोकळं कराले कोनी आलंच नाही. आज तुमी घरी बसून राहिले. पोरगी जेवली, वरण चुलीवर हाय. घ्या चार्ज."

चंद्रभाननं आईकडे पाहिलं, मग मुलीकडे. बॉयलरची जागा कधी न सोडणारा माणूस आता कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

"घेतला," तो म्हणाला. "माय, सरक जराशी. तिची बस चुकन."

वरण करपलं. मुलगी रडून रडून झोपली. बायजाबाईनं आठवडाभर लेकाशी अबोला धरला. चारुलता मात्र त्या दिवशी वेळेत हजर झाली.

अजून मी त्याच घरात आहे, आता दोघांच्याही तोंडी. थकले नाही, दमले नाही. एकच सांगून ठेवते. मला स्वतःसाठी घ्या, रात्रभर तुमच्यासोबत उभी राहीन. पण कुणाला अडवायला मला दारात बसवाल, तर मी बसणार नाही. उठेन, आणि तिच्याबरोबर बसमध्ये चढेन.