आयुधपूजेनंतरची ट्रिप

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैतल्या आमच्या कारखान्यात आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्रेसरची मोटर सारखी बंद पडायची. मोटर हळूहळू सुरू करणारा पॅनलमधला सॉफ्ट स्टार्टर ट्रिप व्हायचा, त्याच्या पडद्यावर यायचं, ‘तापमान जास्त’. मी करंट मोजला, केबल बदलली, दिसेल त्याच्यावर खेकसलो. "ज्याने हा घोळ केलाय, त्याला इथेच नाचवीन!"

चौथ्या दिवशी ऑपरेटर अलमेलूने पॅनलवरचा झेंडूचा जाडजूड हार उचलला. पूजेचा म्हणून त्याला कुणीच हात लावला नव्हता. त्याच्यामागे स्टार्टर थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी गच्च झाकली गेली होती.

"कुणी घातला हा?" मी ओरडलो.

"तुम्हीच, श्रीहरी सार. स्टुलावर चढून."

मोटर सुरू झाली ती थांबेचना. मलाही हसू आवरेना. अलमेलूने ऑइलचा रिकामा डबा उलटा केला आणि ताल धरला.