अठ्ठावीस दिवसांची साक्ष

मी एक ठोकळा बोलतोय. काँक्रीटचा. लांबी, रुंदी, उंची सगळं पंधरा सेंटिमीटर, वजन आठ किलो. म्हणजे होतं. आता पुण्यातल्या एका लॅबच्या मागच्या ढिगात माझे सहा-सात तुकडे पडलेत. दुखतंय का, असं विचाराल तर नाही. मला कधीच काही दुखलं नाही. जे घडलं ते माझ्यासमोर घडलं आणि मी बघत राहिलो.

आधी माझं काम सांगतो. कुठंही स्लॅब ओतला, की त्याच मालातून माझ्यासारखे सहा ठोकळे भरतात आणि पाण्यात ठेवतात. तीन सातव्या दिवशी मशीनमध्ये फोडायचे, तीन अठ्ठाविसाव्या दिवशी. ठोकळ्यानं जेवढा भार सोसला, त्यावरून स्लॅब किती सोसेल ते ठरतं. शितावरून भाताची परीक्षा. मी ते शीत. फक्त मी शिजलो दुसऱ्याच भांड्यात.

विंझरच्या पुढं एका वाडीत अंगणवाडीच्या दोन खोल्यांचं काम चालू होतं. जुलै महिना. वेल्ह्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल; नसेल तर माहीत करून घेऊ नका. स्लॅबच्या दिवशी नऊ वाजता उघडीप होती म्हणून मिक्सर चालू केला आणि अकराला आभाळ फाटलं. ताडपत्र्या धरून माणसं उभी राहिली, तरी निम्म्या मालाची पार आमटी झाली.

साइटवरचा इंजिनिअर सम्राट. वय चोवीस, सिव्हिलची डिग्री घेऊन दोन वर्षं झालेली. तो ओरडला, "काम थांबवा!" ठेकेदाराला सगळे शेठ म्हणतात. शेठनी गाडीची काच चार बोटं खाली केली आणि म्हणाले, "सम्राट, डिग्री तुझी, डोकं माझं. चालू ठेव." काच वर गेली. काम चालू राहिलं.

सम्राटनं त्या भिजक्या मालातून सहा ठोकळे भरलेच, वर तारीखही कोरली. नियम म्हणजे नियम. संध्याकाळी शेठनी मिस्त्रीला कोपऱ्यात बोलावलं. "जगन, वेगळा माल कालव. सिमेंट हात सैल सोडून घाल. सहा नवे भर, अन् ते पहिले दे फेकून."

त्या दुसऱ्या सहांतला मी एक. सिमेंट जवळजवळ दुप्पट, पाणी बेताचं, खडी धुतलेली. तीन थरांत साचा भरला, प्रत्येक थराला सळईचे मोजून पस्तीस ठोसे. काय हात होता जगन मिस्त्रीचा! लबाडीचं कामसुद्धा त्या माणसाला गबाळं करता येत नव्हतं.

आणि इथंच घोडं पेंड खातं. हा जगन मिस्त्री सम्राटचा बाप. दोघं आंबवड्याचे, एकाच साइटवर कामाला, एकाच पत्र्याच्या खोपटात मुक्कामाला. बाप मला भरत होता तेव्हा पोरगा दहा फुटांवर उभा होता. जगननं मान वर केली. "साहेब, तारीख टाका." साइटवर तो पोराला साहेबच म्हणायचा, चार माणसांत मान राहावा म्हणून. सम्राटनं खिळा घेतला आणि माझ्याही अंगावर तीच तारीख कोरली. दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोण?

मग मी टाकीत. सातव्या दिवशी माझे तिघे भाऊ गेले आणि झोकात पास झाले. आम्ही तिघं राहिलो. पाण्याखाली दिवस मोजायला काही लागत नाही. रोज सारखाच असतो.

काम सुटलं, की सम्राट टाकीच्या काठावर येऊन बसायचा. तिथं रेंज यायची. फोन काठावर ठेवून स्पीकर लावायचा. बहुतेक वेळा पलीकडं त्याची धाकटी बहीण असायची, शुभांगी. बारावी झालेली, आवाज खणखणीत.

"दादा, मला सिव्हिलला सीट लागली. कालेज पुण्याचंच. बुधवारपत्तुर नक्की करायचंय. घेऊ का?"

"काय करनार सिव्हिल घेऊन? मला सोळा हजार मिळत्यात. आबाला हजेरी नऊशे. कर हिशेब, कोन पुढं हाय ते."

"तुजा पगार वाढंल की."

"दोन वर्सं वाट बघतोय. फी सरकारनं भरली गं, पन खोली, मेस, लॅपटॉप, प्रोजेक्ट? आबानं चार वर्सं एक खाडा केला न्हाई. ताप आला तरी गोळी खाऊन परांचीवर चढायचा."

"म्हंजी तुजं शिकनं वाया गेलं?"

"तसं न्हाई म्हनत."

"मग कसं म्हनतोस?"

सम्राट पाण्यात बोट फिरवत बसला. मला वाटलं, आता हा ठोकळ्यांचं सांगेल. नाही सांगितलं.

शुभांगीच बोलली. "भोरातल्या बंगल्याची भिंत आठवती? सुपरवायझरनं नकाशा उलटा धरला अन् आबाला भिंत पाडाया लावली. आबाला कळत हुतं भिंत बरुबर हाय. पन नकाशा वाचता येत न्हाई म्हनून गप बसला, अन् आपल्या हातानं पाडली. घरी येऊन जेवला बी न्हाई. मला नकाशा वाचायचाय दादा. पगाराचं मागनं बघू."

"सांगतो तुला बुधवारी," एवढंच तो म्हणाला. नंतर बराच वेळ मोबाईलवर आकडे टाकत होता. खोली इतकी, मेस इतकी, गुणिले चार. टाकायचा, पुसायचा. आकडे काही बदलत नव्हते.

तो बुधवार म्हणजे माझा अठ्ठाविसावा दिवस.

सकाळी सम्राटनं आम्हा तिघांना बाहेर काढून पुसलं. माणसं अजून कामावर यायची होती. तेवढ्यात जगन खोपटामागून आला. डोक्यावर घमेलं, घमेल्यात तीन ओले ठोकळे. त्यांच्यावरही माझीच तारीख, सम्राटच्याच अक्षरातली.

"आबा, हे फेकले न्हाईत तुमी?"

"तीन ठिवलं. ड्रमात, पान्यात. वर कापडं टाकली हुती." जगननं घमेलं खाली ठेवलं. "साहेब, म्या तीस वर्सं थापी मारली. कागदावर कुटंच माजं नाव न्हाई. उद्या काय झालं तर मला कुत्रं बी इचारनार न्हाई. तुमचं नाव हाय कागदावर. त्यासाटीच शिकवलं. त्या दिशी म्या माल कालवला, ती माजी चूक. आता कंचं न्यायचं ते तुमी ठरवा."

सम्राट खाली बसला. गाडीच्या किल्लीनं मला वाजवलं, मी टणटणलो. घमेल्यातला वाजवला, तो बद्द वाजला. त्यानं पुन्हा वाजवून पाहिला. ऐकायला लॅबची गरज नव्हती.

"हे फेल होतील आबा."

"व्हतील."

"स्लॅब तोडावा लागंल. शेठ आपल्या दोघांची बी हजेरी तोडंल. मला अनुभवाचा दाखला देनार न्हाई. दाखल्याबिगर दुसरीकडं कोन घेतंय?"

"व्हय."

"अन् शुभीची खोली? मेस? आज बुधवार हाय, आबा."

वाडीतली कुणाची तरी म्हैस रस्त्यानं गेली, ती पूर्ण जाईपर्यंत दोघं तिच्याकडं बघत होते. मग सम्राट उठला, गोणी घेतली आणि त्यात आम्हाला भरलं. आम्हाला, म्हणजे मला आणि माझ्या दोन भावांना.

"बरं, साहेब," जगन म्हणाला. ऐकायला तिथं दुसरं कुणीही नव्हतं. घमेलं परत डोक्यावर घेऊन तो शोषखड्ड्याकडं गेला. तीनदा धप्प आवाज आला.

गोणी मोटारसायकलला बांधून आम्ही निघालो. वाटेत एका टपरीवर सम्राटनं चहा मागवला. एक फोन केला. "घे सिव्हिल," एवढंच बोलला आणि ठेवला. चहा तसाच टाकून उठला.

लॅबमध्ये फॉर्म होता. ठोकळे कुठल्या कामाचे? अंगणवाडी स्लॅब. कुणी भरले? त्यानं स्वतःचं नाव लिहिलं, नावापुढं डिग्री लिहिली आणि सही केली. हात कापला नाही. कापला असता तर बरं वाटलं असतं, असं तुम्ही म्हणाल. मी आपलं जे पाहिलं ते सांगतो.

मशीनच्या दोन पाट्यांमध्ये मला ठेवलं. पंचवीस आकडा आला तरी पास होतो. मी चौतिसाला फुटलो. लॅबमधला माणूस खूश झाला. "वा साहेब! काय माल आहे तुमचा!"

सम्राटचा फोन वाजला. स्पीकर नव्हता, तरी शुभांगीचा आवाज मला ऐकू येत होता.

"दादा, झालं अ‍ॅडमिशन! आई रडाया लागली. तू कुटंयस?"

"लॅबला."

"ठोकळं फोडाया? पास झालं?"

"झालं."

"आबानं कसलं भरलं असतील, मला म्हाईत हाय! मला शिकवशील ना समदं?"

"शिकवीन," तो म्हणाला. मग रिपोर्ट कधी मिळेल ते विचारलं आणि रिकामी गोणी घडी घालून निघून गेला. झाडूवाल्या बाईनं मला सुपात भरलं आणि इथं आणून टाकलं.

शुभांगी, तुला मी कधी पाहिलं नाही. तुझ्या खोलीच्या भाड्यात मी आहे, मेसच्या ताटातही आहे. तुझ्या भावावर माझा राग नाही. राग यायला आत काहीतरी लागतं. पण बाई, एक कर. कॉलेजात ठोकळा कसा भरतात ते शिकवतील. त्या दिवशी भावाला फोन लाव आणि विचार, त्या बुधवारी कुठले ठोकळे नेले होतेस? तो खोटं बोलणार नाही. त्याला अजून कुणी विचारलंच नाही.

मात्र लवकर विचार. दिवाळीनंतर अंगणवाडी नव्या खोल्यांत भरणार आहे. वाडीतली एकवीस पोरं आहेत, सगळ्यात धाकटं तीन वर्षांचं.