महिन्याला शोध: शून्य

समोरच्या शोरूमच्या मालकाला बाबांचं दुकान खोकी ठेवायला हवं होतं. शिलाई मशीनं नव्हे, मशीनं काढून घेतल्यावर उरतात ती रिकामी खोकी. हा निरोप दादा घेऊन आला. दादा एका मोठ्या ऑफिसात कोणाला कुठली खुर्ची मिळणार हे ठरवायच्या कामावर होता, त्यामुळे जागा वाया गेलेली त्याला बघवत नसे.

बाबा तीस वर्षं त्या दुकानात शिलाई मशीनं दुरुस्त करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हातात स्क्रू आहे, पडेल, नंतर बोलू. हेच उत्तर ते दादाला गेली चार वर्षं देत होते. स्क्रू कधी पडला नाही आणि बोलणंही झालं नाही.

बोलली ती बारकी. घरातलं शेंडेफळ, वय चोवीस, दुकानाचा ब्लॉग चालवणारी. रिकाम्या खोक्यांसाठी बाबांनी उठायचं, हे तिला इतकं झोंबलं की तिने दादाकडे एक महिना मागून घेतला. महिन्यात इंटरनेटवरून दहा गिऱ्हाइकं दुकानात आली तर दुकान राहील. नऊ आली तर चावी शोरूमला. दादाने ही अट मोबाईलमध्ये लिहून ठेवली, वर गजर लावला आणि दुकानाची चावी आपल्या खिशात टाकली.

ब्लॉगला त्या वेळी दोन वाचक होते. एक स्वतः बारकी आणि दुसरी आत्या. आत्या रोज न चुकता येऊन खाली 'छान' लिहायची. दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर असलेल्या पानाखालीही तिने 'छान' लिहिलं होतं.

अन्याय नको म्हणून दादाने आपला एक तज्ज्ञ मित्र पाठवला. तज्ज्ञाने लॅपटॉप उघडून कीवर्डचं टूल दाखवलं: लोक सर्चमध्ये कुठले शब्द टाकतात, महिन्याला किती वेळा, त्या शब्दावर जाहिरात करायला किती जण टपलेत. सगळ्यात वर होतं 'शिलाई मशीन'. तज्ज्ञ म्हणाला, लेखात हे चाळीस वेळा आलं पाहिजे, आणि जाहिरात 'मशीन दुरुस्ती'वर लावू, जाळं मोठं टाकू.

बारकीने चाळीस वेळा लिहिलं. बाबांनी चष्मा लावून लेख शेवटपर्यंत वाचला आणि हळूच विचारलं, "लिहिणाऱ्याला बरं नाही का?"

जाळं मात्र खरंच मोठं होतं. पहिल्या दिवशी कॉफी मशीनबद्दल तीन फोन आले. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी घरातल्या घरात चालायच्या मशीनची तक्रार सांगितली, की ते त्यांच्यापेक्षा पुढे जातं. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ वजनाचं मशीन काखोटीला मारून आले. ते मशीन चांगलं होतं. त्यांना ते थोडं कमी दाखवायला हवं होतं. बाबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि परत पाठवलं. पाचव्या दिवशी जाहिरातीचे महिन्याचे पैसे संपले, आणि पाचही दिवस तिच्या वर शोरूमची जाहिरात ऐसपैस मांडी घालून बसलेली होती.

तज्ज्ञाने उपाय सांगितला: आणखी मोठं जाळं.

बारकीने त्याला दारापर्यंत पोचवलं आणि जाहिरातीवर क्लिक करण्याआधी लोकांनी नेमकं काय टाइप केलं होतं, त्याची यादी उघडली. कॉफी, चालणं, वजन, केस कापणं असले शब्द तिने एकेक करून नकोच्या रकान्यात टाकले, म्हणजे ते शोधणाऱ्याला जाहिरात दिसणारच नाही. यादीच्या तळाशी एक ओळ उरली.

'मशीनचा वरचा दोरा खालच्या दोऱ्याशी बोलत नाही'.

हे टाइप करणाऱ्या बाई मंगळवारी दुकानात येऊन मशीन ठेवून गेल्या होत्या. पाच दिवसांतलं एकमेव खरं गिऱ्हाईक. पण बारकी अडली ती दुसऱ्याच गोष्टीवर: हे वाक्य तिने आधी कुठेतरी वाचलं होतं. कुठे, ते आठवायला तिला अर्धा कप चहा लागला. मग ती स्टूलवर चढली आणि फळीवरून बाबांच्या तक्रारवह्या खाली काढल्या.

बाबांची एक रीत होती. गिऱ्हाईक जे बोलेल ते अक्षर न बदलता वहीत लिहायचं, मोठ्याने वाचून दाखवायचं आणि खाली सही घ्यायची. फार पूर्वी एकदा त्यांनी 'मशीन खराब' असं लिहिलं, तेव्हा त्या बाई तासभर भांडल्या होत्या, की माझं मशीन खराब नाही, दमलंय. तेव्हापासून बाबांनी स्वतःचे शब्द वापरणं सोडून दिलं. अशा एकतीस वह्या झाल्या होत्या, आणि दोऱ्यांचं ते न बोलणं त्यांत पानोपानी होतं.

बारकी वाचत बसली. 'कापड गिळतं आणि परत देत नाही.' 'सासूबाईंनी हात लावला तेव्हापासून रुसलंय.' 'असा खडखडाट करतं की शेजारचे भिंत ठोकतात, मग आम्हीही ठोकतो.' 'सुई मोडते, आणि पाहुण्यांसमोरच मोडते.'

एकेक वाक्य तिने टूलमध्ये टाकलं. प्रत्येकासमोर तेच उत्तर आलं. महिन्याला शोध: शून्य.

तज्ज्ञाला तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा तो समजावणीच्या सुरात म्हणाला, की शून्य म्हणजे असं कोणी शोधतच नाही.

"बरं," बारकी म्हणाली. "मग जे कोणी नाहीत, त्यांच्यासाठी लिहिते."

आणि लिहिलं. चाळीस वेळा 'शिलाई मशीन' असलेला लेख तिने पुसून टाकला. दर लेखाचं नाव म्हणजे वहीतली एक तक्रार, जशीच्या तशी, आणि खाली बाबांचा इलाज. बाबा समोर मशीन उघडून सांगायचे, ती उतरवून घ्यायची. सुई उलटी बसली असेल तर अशी फिरवा, बॉबिनखालचा कचरा ब्रशने काढा, तेल इथे द्या, तिथे देऊ नका. घरात उरलेले थोडेसे पैसे तिने याच लांबलचक वाक्यांच्या जाहिरातीवर लावले. त्यांच्यासाठी दुसरं कोणी भांडत नव्हतं. शोरूमसुद्धा नाही.

आठवड्यात रोजचे वाचक चाळीस झाले, तिसऱ्या आठवड्यात चारशे. रुसलेली मशीनं किती होती हे टूलला माहीतच नव्हतं, कारण प्रत्येक बाई आपल्या शब्दांत रडत होती आणि टूल फक्त एका सुरात रडणाऱ्यांना मोजत होतं.

पण एक घोटाळा झाला. लोक वाचत, घरीच मशीन उघडत, दुरुस्त करत आणि आभार मानत. एका काकांनी तर लिहिलं, की आता आम्हाला दुकानाची गरजच उरली नाही, तुमचे उपकार कसे फेडू. बाराशे आभार जमले आणि गिऱ्हाइकं नऊ.

तज्ज्ञाचा सल्ला आला: इलाजातली शेवटची पायरी कापा. अडले की झक मारत येतील.

बारकीने बाबांकडे पाहिलं. बाबांच्या हातात खरोखरच स्क्रू होता. तिने तज्ज्ञाला कळवलं, की दुकान गेलं तरी चालेल, पायरी जाणार नाही. आणि ती पायरी तिने ठळक अक्षरात केली.

शेवटच्या दिवशी दादा दुपारीच येऊन बसला. पाठोपाठ शोरूमचा मालक मोजपट्टी घेऊन आला आणि खोकी किती मावतील हे बघायला मागच्या कपाटाआड शिरला. दादाच्या मोबाईलचा गजर चार वाजताचा होता. घड्याळात साडेतीन झाले होते.

तेवढ्यात मागच्या दाराने एक बाई आल्या. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जड. समोरच्या शोरूममध्ये मशीन चालवून दाखवायच्या, म्हणून गल्लीत सगळे त्यांना डेमोताई म्हणत. कपाटाआडून फक्त मोजपट्टीचं टोक दिसत होतं, त्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

बाबांनी नेहमीप्रमाणे वही उघडली. डेमोताईंनी तक्रार सांगितली. बाबांनी ती लिहिली आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचली.

"'नवं कोरं मशीन आहे. रोज जाड कापडाच्या आठ घड्या शिवून दाखवायला लावतात, म्हणून सुई मोडते. मोडली की मी मुद्दाम मोडली असं हसून सांगते. मालकाला कळायच्या आत करून द्या.' बरोबर?"

"बरोबर," म्हणून डेमोताईंनी सही केली.

कपाटाआडची मोजपट्टी सरकन आत गेली.

दादाने घसा खाकरून विचारलं, की आमचा पत्ता कसा कळला. डेमोताई म्हणाल्या, "सकाळी सर्चमध्ये लिहिलं, सुई मोडते पाहुण्यांसमोर. तुमचाच लेख वर आला. सगळं केलं त्यातलं. ठळक पायरीसुद्धा. तिच्याखाली लिहिलं होतं, एवढं करूनही मोडली तर आतलं सुईचं टायमिंग सरकलंय, ते घरी करू नका, घेऊन या."

बारकीने दादाकडे पाहिलं नाही. बोटावर मोजायची गरजही नव्हती.

मालक बाहेर आला. डेमोताईंनी टॉवेल मशीनवर ओढला. मालक म्हणाला, की हे गिऱ्हाईक धरता येणार नाही, मशीन माझं आहे, आणि ती तक्रार आधी खोडा, तिथे 'किरकोळ तपासणी' लिहा.

"इथं शब्द बदलत नाहीत," बारकी म्हणाली. "तक्रार त्यांची, सही त्यांची. आणि उद्या डेमोताई शोरूममध्ये कामावर दिसल्या नाहीत, तर हे वाक्य लेखाचं नाव म्हणून लागेल. रोज चारशे लोक वाचतात. ते कोणी नाहीत असं ऐकलंय, पण वाचतात."

मालकाने दादाकडे पाहिलं. खुर्च्यांचा माणूस असल्यामुळे दादाला एवढं कळत होतं, की कोणी बसलेलं असेल तर ती जागा रिकामी नसते. त्याने गजर बंद केला आणि चावी बाबांच्या स्क्रूंच्या डबीत टाकली.

शोरूममध्ये चार वाजता लोक मशीन बघायला येणार होते. मालकाने मोजपट्टी खिशात कोंबली आणि पडलेल्या आवाजात विचारलं, किती वेळ लागेल.

"हातात स्क्रू आहे," बाबा म्हणाले. "पडेल. नंतर बोलू."