दोन पत्रं आणि माझी पिवळी शाई

मी हायलायटर बोलतोय, पिवळा. जरा घाईनंच बोलतोय, कारण टोपण कुणीतरी सैल ठेवलंय आणि माझं तोंड कोरडं पडत चाललंय. तसंही स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. कागद दिसला की कधी एकदा त्याच्यावर फिरतो, असं मला होतं.

बारा जणांच्या पाकिटातून निघून मी पोहोचलो तो रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये. तिथे एक बाई काम करायच्या. पुढे ज्या घरी गेलो तिथली मुलगी त्यांना आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणतो. रिपोर्टात एखादा आकडा बिघडलेला दिसला की आत्या अंगठ्यानं माझं टोपण उडवायच्या आणि त्याच्यावर रेघ ओढायच्या. वाढलेली साखर, उतरलेलं हिमोग्लोबिन. पिवळं म्हणजे पुन्हा तपासा, असा तिथला नियम. चांगल्या आकड्याला मी कधी शिवलोसुद्धा नाही.

मग आत्यांनी मला भाचीला देऊन टाकलं. ती समुद्रातल्या शेवाळावर पीएचडी करायला परदेशी जायची खटपट करत होती. तिच्या बाबांचं झेरॉक्सचं दुकान. एका आठवड्यात दोन विद्यापीठांची पत्रं आली, तेव्हा बाबांनी ती दुकानातल्या सगळ्यात जाड कागदावर छापून आणली. पंधरा तारखेच्या आत एकाला होकार कळवायचा होता.

पहिलं पत्र मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठाचं. त्यात ‘एकूण मदत’ म्हणून बावन्न हजारांचा आकडा होता, अर्थात तिकडच्या पैशांत. बाबांनी मला उचललं आणि त्या आकड्यावर तीनदा फिरवलं. मग ‘अभिनंदन’, मग ‘शिष्यवृत्ती’, मग ‘फी माफ’. माझा जीव नुसता वरखाली होत होता. आयुष्यभर बिघडलेल्या आकड्यांवर फिरलेला मी, एवढ्या आनंदाची मला सवयच नव्हती.

दुसरं पत्र लहान विद्यापीठाचं, रुक्ष. वर्षाला तेवीस हजार, एवढं वाचून बाबांनी ते बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला झेरॉक्सबरोबर बावन्न हजारांची बातमी मिळू लागली. पोरगी मात्र दोन्ही पत्रं उलटीसुलटी करायची, माझं टोपण उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. तिला काहीतरी खटकत होतं, पण बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून ती गप्प बसायची. माणसांचं हे मला कळत नाही. शंका आली तर विचारावी ना!

रविवारी दुपारी आत्या आल्या. चष्मा चढवून त्यांनी पहिलं पत्र हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच पडला.

“दादा, एवढं सगळं बिघडलंय?” मग दुसरं पत्र पाहून म्हणाल्या, “हे बरं दिसतंय. हेच घे गं तू.”

बाबा पोट धरून हसले. पिवळं म्हणजे इथे चांगलं, असं त्यांनी समजावलं. आत्यांनाही हसू आलं, पण पत्र काही त्यांनी खाली ठेवलं नाही.

“असू दे. पिवळं आहे ना, मग एकदा तपासूनच टाकू.”

आणि त्यांनी रिपोर्ट वाचावा तसं ते पत्र वाचायला घेतलं. बावन्नांतले हातात किती येणार? पोरीनं हिशेब सांगितला. फीच तेहतीस हजारांची, तीही त्यांनीच लावायची आणि त्यांनीच माफ करायची. खायला-राहायला उरतात एकोणीस. विमा ज्याचा त्यानं काढायचा. आणि हे किती वर्षं? पहिलंच वर्ष. पुढचं ‘निधी उपलब्ध असल्यास’. ती ओळ अगदी तळाशी, मी तिच्या जवळपासही फिरकलो नव्हतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कमी पडलं तर बाहेर काहीतरी काम करील, असं बाबा म्हणाले. पोरगी हळूच म्हणाली की विद्यार्थ्यांच्या व्हिसावर विद्यापीठाबाहेर काम करायला परवानगी नसते.

रुक्ष पत्रात मात्र पाच वर्षांची हमी होती. फी वेगळी माफ, विमा त्यांचा, तेवीस हजार सगळे हातात, बदल्यात आठवड्याला ठरलेले तास शिकवायचं.

पोरीनं मोठ्या विद्यापीठाला विचारलं, दुसऱ्या वर्षाची खात्री आहे का? चार दिवस घरात कुणाचं धड लक्ष लागेना. उत्तर गोड होतं. ‘बहुतेक विद्यार्थ्यांची सोय होते.’ तिनं मला उघडून त्या ‘बहुतेक’वर धरलं आणि तसंच धरून ठेवलं. माझी शाई तिथेच सुकायला लागली. मग तिनं त्याच विभागातल्या, दुसऱ्याच देशातून आलेल्या एका मुलीला लिहिलं. त्या मुलीचं उत्तर तासाभरात आलं. ‘पहिलं वर्ष छान गेलं. आता दर सहा महिन्यांनी प्राध्यापकांच्या दारोदार जाऊन विचारते, माझ्यासाठी काही आहे का.’

चौदा तारखेला पोरीनं बाबांना ते वाचून दाखवलं. त्यांनी पहिलं पत्र उचलून त्या पिवळ्या आकड्यावरून बोट फिरवलं.

“मी सगळ्यांना बावन्न सांगून बसलोय गं,” ते म्हणाले.

“बाबा, तो आकडा माझा नव्हताच.”

तिनं लहान विद्यापीठाला होकार कळवला आणि लगेच मोठ्याला नकारही, म्हणजे ती जागा ताटकळत असलेल्या दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.

ती जाऊन आता महिना झाला. मी बाबांच्या काउंटरवर पडून आहे. कुणी उचलतं, कागदावर घासून बघतं, उमटत नाही म्हणून टाकून देतं. मला त्याचं काही नाही, फक्त हे असं पडून राहणं सोसत नाही. माझी भावंडं तुमच्या घरात असतील, त्यांना भरपूर फिरवा. पण आवडलेली ओळ रंगवून झाली की नावडतीसुद्धा रंगवा, एवढं ऐका माझं.

काल एक जुनं गिऱ्हाईक आलं. पानं मोजता मोजता त्यानं विचारलं, “काय, लेकीला किती मिळतात म्हणालात तिकडे?”

बाबांचा हात मशीनवर थांबला. मी आपला धास्तावून बघत होतो.

“पाच वर्षं,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी पुढचं पान लावलं.