न चाखता रांधलेलं बार्श्च

"आई, तशीच ओतू नका. आधी वास तरी बघा," किंगा म्हणाली.

मी बरणीवरचं फडकं काढून वाकले. आत सात दिवस आंबत ठेवलेलं बिटाचं पाणी होतं. त्यात लसूण, तमालपत्र आणि काळ्या पावाची कड. बार्श्च म्हणजे आमचं बिटाचं सार, आणि त्याची सगळी लज्जत या आंबवलेल्या पाण्यात. नाताळच्या आदल्या सकाळी बरणी उघडली की पूर्वी घरभर वास सुटायचा. मला आता कसलाच वास येत नव्हता. तीन वर्षांपूर्वी एका तापात नाक गेलं ते गेलंच. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"छान झालंय," मी म्हणाले.

किंगा माझी सून.

गेल्या महिन्यात शेगडीवर दूध करपून काळं झालं आणि मी शेजारच्या खोलीत सफरचंदं सोलत बसले होते. माझा मुलगा रादेक नेमका तेव्हाच आला. खिडक्या उघडल्या, गॅस बंद केला आणि म्हणाला, "बास झालं आई. येता नाताळ बिआविस्तोकला, आमच्याकडे. आणि नाताळ झाला की तू तिथेच राहायचं." मी म्हणाले, "या वर्षीचं जेवण मी करून दाखवते. बिघडलं तर बोल." तो कबूल झाला. म्हणजे आजच्या पातेल्यावर माझं घर ठरणार होतं.

बरण्या दोन होत्या. माझ्या फ्रान्चिश्का आजीने शिकवल्याप्रमाणे मी दोन्हींत लाकडी चमचा बुडवून वर उचलला. पहिलीतलं पाणी थेंबाथेंबाने पडलं. दुसरीतलं तारेसारखं लोंबलं. तार आली की ते नासलं. मी दुसरी बरणी अंगणात बर्फावर रिकामी केली.

"अर्धंच उरलं की," किंगा म्हणाली. "मी दुकानातली बाटली घेऊन येऊ? बंद व्हायला तास आहे."

"बाटली नको. बिटं भाज चार. वाढवू आपण."

"आंबटपणा कसा कळणार मग? एक थेंब जिभेवर टाकला तर काय बिघडतं?"

"आज उपास. पहिला तारा दिसेपर्यंत जिभेला काही लावायचं नाही. रांधणारीनेसुद्धा."

"तुमच्या आजीने कधीच नाही चाखलं?"

"कधीच नाही. ती डाव नाकाशी धरायची, डोळे मिटायची. मग माझ्या नाकाशी धरायची. म्हणायची, होंका पोरी, हे लक्षात ठेव."

लक्षात होतं सगळं. पण ते जुळवून बघायला नाक नव्हतं. तेहतीस वर्षं मी रेल्वेचं फाटक सांभाळलं. गाडी गेली असेल अशा अंदाजाने फाटक एकदाही उघडलं नाही. आणि आज अंदाजाने सार करायची वेळ आली होती.

बिटं भाजली, अळंब्यांचं पाणी घातलं, बरणीतलं थोडं ओतलं. मी टेबलाशी बसून अळंब्यांचं सारण भरलेल्या बारक्या करंज्या मुडपायला घेतल्या. हात पिठाने भरलेले. किंगाने मागून येऊन माझ्या नाकाखाली डाव धरला.

"बघा, कसं वाटतंय?"

मी आजीसारखे डोळे मिटून हुंगलं. "बेताचं आंबट. थोडं अजून चालेल."

ती तशीच उभी राहिली. मग डाव माझ्यासमोर टेबलावर ठेवला. त्यात साधं नळाचं पाणी होतं.

माझी बोटं थांबली. किंगाचा चेहरा लाल झाला होता.

"दूध करपलं तेव्हाच मला शंका आली होती," ती म्हणाली. "असं करायला नको होतं मी."

"केलंस ना? आता जा, सांग रादेकला."

"सांगितलं तर तो आज संध्याकाळीच तुमचं सामान बांधेल."

"मग काय करणार आहेस?"

तिने डाव उचलला, पाणी मोरीत टाकलं आणि पातेल्यात बुडवला. "नाक माझं वापरा. कसा वास यायला हवा ते सांगा फक्त."

असं कधी शब्दांत सांगितलं नव्हतं. मी डोळे मिटले. "आधी सांग, आत्ता कसा येतोय?"

"गोडसर. पावसात भिजलेल्या वावरासारखा."

"कच्चं आहे. अर्धा डाव घाल."

"घातला."

"आता?"

"माती कमी झाली. लसूण पुढे आला."

"लसूण मागे जायला हवा. अजून घाल. सावकाश गं, पातेलं आहे, बादली नाही."

"आई, ओरडू नका, वास पळतो." ती हुंगत राहिली. "आता हिरवं सफरचंद. चावलेलं नाही, नुसती साल काढलेलं."

"थांब. गॅस बारीक कर. उकळी आली तर रंग जाईल."

चारच्या सुमाराला रादेक बाहेरून ओरडला, तारा दिसला. आम्ही नाताळच्या प्रसादाचा पांढरा पापुद्रा मोडून एकमेकांना दिला आणि बसलो. रादेकने पहिला चमचा घेतला, दुसरा घेतला.

"आई, तुझ्या फ्रान्चिश्का आजीसारखंच झालंय," तो म्हणाला. "मी उगाच बोललो. चुकलंच माझं."

किंगाने खाली बघितलं. इथे गप्प बसले असते तरी चाललं असतं. माझं घर राहिलं होतं.

"रादेक, माझं नाक गेलंय," मी म्हणाले. "तीन वर्षं झाली. आज वास हिने घेतला, मी नाही. गॅस काढून टाक, विजेची शेगडी बसव. पण मी इथून हलणार नाही."

त्याने चमचा ठेवला. किंगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"शेगडी दोन बर्नरची हवी की चार?" त्याने विचारलं.

"चार."

तो पुन्हा जेवायला लागला. मग मी माझा चमचा उचलला. जिभेला आंबट लागलं, खारट लागलं. बीट नाही, अळंबी नाही, आजी नाही. मी थाळी तिरपी केली आणि सगळं संपवलं.